साडेनऊ फूट

खालून टेप तू धरली होतीस,
वरचं टोक मी पत्र्याला टेकवलं.
साडेनऊ फूट.
दोन खांबांच्या लिफ्टला बारा लागतात, म्हणालो,
तशी तू टेप सोडलीस
आणि ती सर्रकन माझ्या बोटावर आली.

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर काढली,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडलो,
घरच्या गॅरेजची उंची मात्र
कधी मोजली नव्हती.

शिरोलीला जाऊन बघून आलो.
कात्रीची लिफ्ट घडी घालून जमिनीवर पडून राहते,
उचलते कमरेएवढं. म्हणजे पुन्हा वाकणं आलं.
चार खांबांची, गाडी ठेवायला बरी,
पण चाकं मोकळी सुटत नाहीत.
दोन खांबांची
बगलेत हात घालून उचलते,
आंघोळीनंतर पोराला उचलावं तशी.
विकणारा मगदूम म्हणाला, काका, एका फियाटसाठी?
म्हटलं, एकच तर आहे.

तूही विचारलंस, कशाला?
मी सस्पेन्शन सांगितलं, सायलेन्सर सांगितला,
गॅरेजवाल्यांचे दर सांगितले.
सांगितलं नाही ते असं:
माघातला मंगळवार, तू बारशाला जयसिंगपूरला,
मी गाडीखाली सरकलो
आणि परत सरकता येईना.
कंबर होती की गुडघा, की दोन्ही.
चाळीस मिनिटं
ऑइलच्या नटाकडं बघत पडलो होतो.
भंगारवाला ओरडत गेला,
त्याला हाक मारायची लाज वाटली.
शेवटी अस्लमचा पोरगा पाना परत द्यायला आला,
पायाला धरून ओढलं त्यानं, पोत्यासारखं.
शंभर रुपये दिले त्याला,
न बोलण्याचे.

पत्रा अडीच फूट वर घ्यायचा
तर स्वयंपाकघराची खिडकी अर्धी जाणार.
चहा उकळेपर्यंत तू जिच्यातून
शिकलगारांचा आंबा बघतेस,
कुठल्या फांदीला किती मोहोर, सगळा हिशोब तुझ्याकडं.
तीन दिवस बोलली नाहीस.
चौथ्या दिवशी ताटात भाकरी टाकत म्हणालीस,
"वरची अर्धी राहील ना? मग घ्या.
फळं वरच लागतात."

अस्लमनं जमीन फोडली.
कोबा चार इंचसुद्धा नव्हता.
"काका, बोल्ट काय मातीत रोवायचं?
उद्या गाडी डोस्क्यावर घिऊन बसशीला."
चार बाय चारचे दोन खड्डे, सळई, काँक्रीट,
मग अठ्ठावीस दिवस थांबणं.
गोणपाटावर दोन्ही वेळचं पाणी तूच घातलंस,
कुंडीला घालावं तसं.
फियाट गल्लीत, ताडपत्रीखाली,
आणि तिच्या पोटाखाली कुत्री आडवी.
मला त्यांचा हेवा वाटायचा,
त्यांना सरकता येत होतं.

बटण दाबलं.
फूटभर उचलून आधी हलवून बघितली.
मग टक्. दर चार इंचांना एक लॉक.
टक्. टक्.
सतरा मोजले.

आणि मी फियाटच्या खाली उभा राहिलो.
उभा.
पाठीवर पडून पाठ केलेलं सगळं
आता डोक्यावर होतं, ओळखीचं आणि नवखं.

तू हात पुसत आलीस,
दाराशी चप्पल काढलीस, का ते तुलाच ठाऊक,
आणि मडगार्डच्या आतल्या पट्टीत बोट घातलंस.
करडी माती निघाली, वाळलेली.
एकोणीसच्या पुरातली.
तीनदा धुतली होती मी गाडी.

बोट तसंच धरून
तू बराच वेळ वर बघत राहिलीस.
मग म्हणालीस,
"अस्लमच्या पोराला शंभर दिलेत.
मला त्यानं फुकटात सांगितलं."

मी पाना उचलला.
कुठला नट सोडवायचा होता
काही केल्या आठवेना.